एक पत्र, दोन नकार

प्रस्तावना

सरकारी लिफाफा घरी आला की तो लगेच कोणी फोडत नाही. आधी उलटसुलट करून बघतात, कुठल्या खात्याचा शिक्का आहे ते वाचतात, मग घरातल्या शिकलेल्या माणसाच्या हातात देतात. ज्या गाण्याबद्दल हे छोटं पुस्तक आहे ते अशाच एका लिफाफ्यापासून सुरू होतं. एका तरुणाला सरकारचं पत्र येतं. तो ते उघडून वाचतो. सैन्यात दाखल हो, असा त्यात हुकूम असतो. तो नाही म्हणतो. पुढे जे काही घडतं ते त्या एका 'नाही'मुळे घडतं.

गाण्याचं नाव 'ब्लॅक स्टील इन द अवर ऑफ केऑस'. काळं पोलाद म्हणजे पिस्तूल. अंदाधुंदीच्या घटकेला हातात आलेलं पिस्तूल. न्यू यॉर्क शहराला लागून असलेल्या लाँग आयलंडवरच्या पब्लिक एनिमी या गटाचं हे गाणं १९८८च्या जूनमध्ये आलेल्या 'इट टेक्स अ नेशन ऑफ मिलियन्स टु होल्ड अस बॅक' या अल्बममध्ये आहे. आम्हाला अडवायला कोट्यवधींचं अख्खं राष्ट्र लागतं, असा त्या नावाचा अर्थ. मुखपृष्ठावर गटातले दोघे तुरुंगाच्या गजांआड उभे आहेत. सात वर्षांनी, १९९५ साली, इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातून आलेल्या ट्रिकी या कलावंताने हेच गाणं पुन्हा केलं. त्यात रॅप नव्हता. गिटार आणि ड्रम्सचा दणदणाट होता आणि त्यावर मार्टिना टॉपली-बर्ड या विशीही न ओलांडलेल्या मुलीचा गाता आवाज होता.

गाणं तेच, गाणारा वेगळा, असा कव्हर या शब्दाचा अर्थ आपण घेतो. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात जुनी गाणी अशीच होतात: चाल तीच राहते, आवाज बदलतो. इथे उलटं झालं. शब्द राहिले आणि चाल नव्याने आली. रॅपला आपल्या अर्थाने चाल नसतेच. असतो तो ठेका, आणि त्या ठेक्यावर शब्द टाकण्याची बोलणाऱ्याची स्वतःची पद्धत. ट्रिकी आणि मार्टिनाने त्या बोललेल्या शब्दांना चाल लावली. चाल बदलली की त्याच अभंगाचा भाव बदलतो, हे भजनी मंडळात बसलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

तो बदललेला भाव हाच माझा विषय आहे. मूळ गाणं तुरुंग फोडून बाहेर पडतं. दुसरं गाणं कोठडीपर्यंत जातं, पळून जायचा बेत मनात आणतं आणि पुन्हा त्या पत्रापाशी येतं. पुन्हा पत्र, पुन्हा नकार. पहिल्या गाण्याने नकाराला गोष्ट दिली; दुसऱ्याने गोष्ट काढून घेतली आणि नकार तेवढा ठेवला. ही दोन गाणी मी वर्षानुवर्षं आलटून पालटून ऐकत आलो आहे, आणि आता एकाशिवाय दुसरं मला पुरं वाटत नाही. असं का, ते सांगण्यासाठी हे पुस्तक लिहिलं.

*

आधी पत्राबद्दल. १९८८ साली अमेरिकेत असं पत्र कोणाच्या घरी येत नव्हतं. सक्तीची लष्करभरती १९७३ मध्येच थांबली होती. पण सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्यावर, १९८० साली, अध्यक्ष जिमी कार्टर यांनी भरतीसाठीची नावनोंदणी परत सुरू केली. १ जानेवारी १९६० रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांनी आपलं नाव सरकारदरबारी नोंदवायचं. न नोंदवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पब्लिक एनिमीचा मुख्य आवाज चक डी, म्हणजे कार्लटन रायडनआवर, जन्मला १ ऑगस्ट १९६० रोजी. कायद्याच्या पहिल्याच तुकडीत त्याचं वय बसत होतं. गाण्यातलं पत्र कल्पनेतलं असलं तरी त्यावर लिहायचा पत्ता त्याच्या पिढीने सरकारला दिलेला होता.

आणि त्याच्या आधीच्या पिढीला तर ती पत्रं खरोखर आली होती. २८ एप्रिल १९६७ रोजी ह्यूस्टनच्या भरती केंद्रात महंमद अलीचं नाव पुकारलं गेलं. एक पाऊल पुढे यायचं होतं. अली जागचा हलला नाही. जगज्जेतेपद काढून घेतलं गेलं, पाच वर्षांची कैद आणि दहा हजार डॉलर दंड ठोठावला गेला. अपिलामुळे तुरुंगात जावं लागलं नाही आणि १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली; पण मुष्टियोद्ध्याच्या आयुष्यातली ऐन उमेदीची तीन वर्षं गेली ती गेलीच. अलीने नकार दिला तेव्हा चक डी सहा-सात वर्षांचा होता. व्हिएतनाम युद्धाच्या पहिल्या काही वर्षांत मरणाऱ्या अमेरिकी सैनिकांमध्ये कृष्णवर्णीयांचं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा बरंच जास्त होतं. पब्लिक एनिमीचं संगीत रचणाऱ्यांपैकी एरिक सॅडलर याचं टोपणनावच 'व्हिएतनाम' होतं.

गाण्यातला नायक एक गोष्ट ठासून सांगतो: मी कृष्णवर्णीय आहे, आणि या देशाचा निवृत्त सैनिक म्हणून मिरवणं मला कधीच जमणार नाही. हे वाक्य मोठेपणाच्या तोऱ्यातून आलं असं कोणाला वाटू नये, म्हणून एकच प्रसंग इथे देतो. आयझॅक वुडार्ड हा कृष्णवर्णीय सार्जंट दुसऱ्या महायुद्धातून परतला. १२ फेब्रुवारी १९४६ रोजी, सैन्यातून सन्मानाने मोकळा झाल्यावर काही तासांतच, अंगावर गणवेश असताना, तो बसने घरी निघाला होता. वाटेत प्रसाधनगृहासाठी थांबण्यावरून चालकाशी बोलाचाली झाली. दक्षिण कॅरोलिनातल्या एका गावात पोलिसांनी त्याला बसमधून उतरवलं आणि इतकं मारलं की त्याचे दोन्ही डोळे कायमचे गेले. मारणारा पोलिसप्रमुख खटल्यातून निर्दोष सुटला. देशासाठी लढून आलेल्या माणसाला देशाने काय दिलं, याचं उत्तर अशा घरांमध्ये पिढ्यानपिढ्या सांगितलं जात होतं. १९८८चा नायक 'नाही' म्हणतो तेव्हा त्याच्या पाठीशी हे सगळे उभे असतात.

*

आता गोष्ट. नकार दिल्यावर नायकाला तुरुंगात टाकतात. एका कोठडीत चौघे कोंबलेले आहेत आणि त्या दाटीला गाणं गुलामांची उपमा देतं. ती उपमा वाऱ्यावरची नाही. १८६५ साली अमेरिकेच्या घटनेतल्या तेराव्या दुरुस्तीने गुलामी संपवली, पण तिच्यातच एक अपवाद लिहून ठेवला: गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची चाकरी चालेल. गाणं आलं तो काळ तुरुंग भरण्याचा होता. १९८० साली अमेरिकेतल्या राज्यांच्या आणि केंद्राच्या तुरुंगांत मिळून सुमारे सव्वातीन लाख कैदी होते. १९९० पर्यंत तो आकडा साडेसात लाखांच्या वर गेला. १९८६च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याने क्रॅकच्या पाच ग्रॅमला कोकेनच्या पाचशे ग्रॅमइतकी शिक्षा ठरवून दिली. क्रॅक गरीब काळ्या वस्त्यांत विकलं जाई, भुकटीतलं कोकेन पैसेवाल्यांच्या घरात. कायद्यात वंशाचा उल्लेख नव्हता, पण तुरुंगाच्या दारात तो दिसत होता.

नायक संधीची वाट बघतो. पहारेकरी पेंगतो, त्याचं पिस्तूल हाती लागतं, कैदी उठाव करतात, आतून-बाहेरून गोळ्या सुटतात, आणि शेवटी पब्लिक एनिमीचीच सुरक्षा तुकडी येऊन सुटका करते. त्रेपन्न जण पळत सुटतात आणि गाणं संपतं. सिनेमासारखं कथानक आहे. पण न्यू यॉर्क राज्यातल्या लोकांना ते ऐकताना सिनेमा आठवला नसणार. ९ सप्टेंबर १९७१ रोजी त्याच राज्यातल्या ॲटिका तुरुंगात कैद्यांनी उठाव केला होता. माणसासारखं वागवा, ही मुख्य मागणी होती. चार दिवस बोलणी चालली. तेराव्या तारखेला सकाळी राज्य पोलीस गोळ्या झाडत आत घुसले. त्या एका सकाळी ३९ माणसं मेली. त्यांतले १० जण ओलीस ठेवलेले तुरुंगाचेच कर्मचारी होते आणि तेही पोलिसांच्याच गोळ्यांनी गेले. ॲटिकातून कोणी पळून गेलं नाही. चक डीने सतरा वर्षांनी गाण्यात त्या कैद्यांना भिंतीपलीकडे नेलं.

ही गोष्ट सांगण्याची रीत मराठी कानाला परकी वाटू नये. शाहीर पोवाडा म्हणतो तेव्हा कथा पुढे नेण्याचं काम त्याचं, आणि मागे उभे असलेले झीलकरी 'जी जी' करत त्याला उभारी देतात, श्रोत्याला दम घ्यायला जागा देतात. चक डीचा आवाज भारदस्त, खालच्या पट्टीतला, बातम्या वाचणाऱ्यासारखा ठाम. त्याच्या कथनाच्या मधल्या जागांत गटातला दुसरा आवाज, फ्लेवर फ्लेव, येतो; आणि तो येतो टेलिफोनवरून. तार खरखरते आहे, बोलणारा बाहेर आहे, ऐकणारा आत. मित्राला धीर द्यावा, हे लोक तुझं वाकडं करू शकत नाहीत असं सांगावं, तसं तो बोलतो. झीलकऱ्याला तुरुंगाबाहेर उभं करायचं आणि फोनवरून झील धरायला लावायची, ही कल्पना मला आजही थक्क करते. कैदेतला माणूस आणि त्याची वाट बघणारं जग यांच्यामधलं अंतर तिथे कानाला ऐकू येतं.

*

आवाजाबद्दल थोडं जवळून बोलायला हवं, कारण या गटाचं राजकारण त्याच्या आवाजात निम्मं सामावलेलं आहे. संगीत रचणाऱ्या चमूचं नाव बॉम्ब स्क्वाड: हँक शॉक्ली, कीथ शॉक्ली, एरिक सॅडलर आणि स्वतः चक डी. त्यांच्या हाताशी एसपी-१२०० नावाचं सॅम्पलर यंत्र होतं. जुन्या तबकडीवरचा तुकडा त्यात भरायचा आणि हव्या त्या ठेक्यावर पुन्हा पुन्हा वाजवायचा. या यंत्रात सगळे मिळून जेमतेम दहा सेकंदांचे तुकडे मावत. त्या दहा सेकंदांचे थरावर थर चढवून त्यांनी भोंगे, किंकाळ्या, भाषणं आणि ड्रम्स यांची भिंत उभी केली. बाकीचा अल्बम त्या भिंतीसारखा अंगावर येतो.

'ब्लॅक स्टील' मात्र संथ आहे. त्याचा पाया आयझॅक हेज यांच्या १९६९ सालच्या 'हॉट बटर्ड सोल' या अल्बममधल्या एका दीर्घ गाण्यातून घेतलेला आहे. मेम्फिसमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या होऊन तेव्हा वर्षच झालं होतं, आणि त्याच शहरातल्या स्टॅक्स या कंपनीचा हा अल्बम. त्या गाण्यात शेवटाकडे पियानोचे थोडेसे सूर तंद्री लागल्यासारखे फिरत राहतात. बॉम्ब स्क्वाडने नेमका तो तुकडा उचलला. मूळ जागी तो पियानो मोकळा आहे, कुठेतरी निघाल्यासारखा. इथे त्याला पुढे जाऊच देत नाहीत. दोन पावलं टाकतो आणि परत येतो, दोन पावलं टाकतो आणि परत येतो. कोठडीत येरझाऱ्या घालणारा माणूस डोळ्यांसमोर उभा करायला एवढं पुरतं. शब्दांतलं एक अक्षर कळलं नाही तरी हे कळतं.

असं संगीत पुढे फार काळ करता आलं नाही. १९९१च्या डिसेंबरमध्ये न्यू यॉर्कच्या न्यायालयाने एका रॅपरविरुद्ध निकाल दिला आणि परवानगीवाचून सॅम्पल घेणं महागात पडू लागलं. डझनावारी तुकड्यांनी गाणं विणायचं म्हणजे डझनावारी मालकांना पैसे मोजायचे. त्या दृष्टीनेही १९८८चा हा अल्बम एक दार बंद होण्याआधीच्या काळातला आहे.

*

या गाण्यावर माझं प्रेम आहे, म्हणून त्यातलं जे मला खुपतं तेही इथे लिहिणं भाग आहे. सुटकेच्या त्या गोष्टीत नायक तुरुंगातल्या एका स्त्री कर्मचाऱ्याला हेलिकॉप्टर बोलवायला लावतो. ती पळायला बघते आणि तो तिला गोळ्या घालतो. सांगण्याचा सूर फुशारकीचा आहे. माणुसकीसाठी उठाव करणाऱ्याच्या तोंडी ही फुशारकी शोभत नाही. गटाचंही सगळं समर्थनीय नाही. १९८९ साली गटातल्या प्रोफेसर ग्रिफने एका मुलाखतीत ज्यूंविरुद्ध द्वेषाची विधानं केली. त्याला गटातून दूर करण्यात आलं, तरी ती विधानं झाली हे खरंच. अन्यायाविरुद्ध बोलणाऱ्याचं प्रत्येक वाक्य न्यायाचं असतं असं समजणं हे त्याच्यावरचं प्रेम नाही. गाणं मोठं आहे म्हणून त्यातली ती जागा झाकायची नाही, आणि ती जागा आहे म्हणून गाणं टाकूनही द्यायचं नाही.

हे लिहिताना मला दुसऱ्या गाण्याकडे जायची वाट सापडते. कारण सात वर्षांनी हे शब्द एका स्त्रीच्या तोंडी आले, आणि ती जागा तिथे नव्हती.

*

ट्रिकी, म्हणजे एड्रियन थॉज, १९६८ साली ब्रिस्टलमध्ये जन्मला आणि नोल वेस्ट या गरीब, बहुतांशी गोऱ्यांच्या वस्तीत वाढला. तो चार वर्षांचा असताना त्याच्या आईने जीव दिला. तिचं नाव मॅक्सीन क्वे. १९९५च्या फेब्रुवारीत आलेल्या आपल्या पहिल्या अल्बमला त्याने तिचंच नाव जोडून दिलं: 'मॅक्सिनक्वे'. सतराव्या वर्षी बनावट नोटांच्या प्रकरणात त्याने तुरुंग पाहिला होता. कोठडी म्हणजे काय हे त्याला कोणाच्या गाण्यातून शिकायची गरज नव्हती.

ब्रिस्टल हे बंदर गुलामांच्या व्यापारावर श्रीमंत झालेलं. तिथेच १९६३ साली, शहराच्या बसकंपनीत काळ्यांना नोकरी नाकारली जाते म्हणून, लोकांनी बसवर बहिष्कार घातला आणि तो जिंकला. तिथेच १९८०च्या एप्रिलमध्ये सेंट पॉल्स या भागात पोलिसांच्या छाप्यावरून दंगल पेटली. आणि त्याच गल्ल्यांत कॅरिबियन कुटुंबांनी आणलेल्या साउंड सिस्टिम, अमेरिकेतून आलेल्या रॅपच्या तबकड्या आणि इंग्लंडचा पंक रॉक यांची सरमिसळ झाली. ट्रिकी त्यातून आला. मॅसिव्ह अटॅक या गटाच्या १९९१ सालच्या पहिल्या अल्बमवर त्याचा आवाज आहे.

पण एक प्रश्न उरतोच. ब्रिटनमध्ये सक्तीच्या लष्करी सेवेची शेवटची पत्रं १९६० साली निघाली. ट्रिकीला तसं पत्र येण्याची शक्यता नव्हती. मार्टिनाला तर नव्हतीच. मग हे गाणं त्यांनी का घ्यावं?

उत्तर त्यांनी काय ठेवलं आणि काय सोडलं यात आहे. त्यांच्या गाण्यात मुळातलं फक्त पहिलं कडवं आहे. पत्र येतं, नकार दिला जातो, कोठडी येते, पळायचा विचार येतो, आणि गाणं पुन्हा पहिल्या ओळीवर जातं. पिस्तूल हाती येत नाही. पहारेकरी मरत नाहीत. हेलिकॉप्टर नाही, त्रेपन्न माणसं नाहीत, फोनवरून धीर देणारा मित्रही नाही. शब्दांतलं लिंग मात्र बदललेलं नाही. मी काळा पुरुष आहे, असं ती मुलगी गाते, आणि गाताना आवाज चढवत नाही. मागे एफटीव्ही या रॉक गटाची गिटार आणि ड्रम्स उसळत असतात, त्या खवळलेल्या पाण्यावर तिचा आवाज स्थिर तरंगतो. चक डी रागावलेला आहे. मार्टिनाच्या आवाजात राग निवून त्याचं निश्चयात रूपांतर झालेलं ऐकू येतं. घोषणा ओरडून दिली तर समोरचा तिला ओरडून उत्तर देऊ शकतो. शांतपणे, दहाव्यांदा म्हटलेल्या 'नाही'ला द्यायला त्याच्याकडे काही नसतं.

एकोणीस वर्षांची मुलगी स्वतःला काळा पुरुष म्हणवते तेव्हा पत्राचा अर्थही रुंदावतो. ते आता फक्त सैन्यभरतीचं उरत नाही. माझ्यावर ज्याने कधी हक्काने प्रेम केलं नाही असं कोणीतरी माझ्यावर हक्क सांगतं आहे, एवढंच त्यात उरतं. आणि तसा कागद जगात कोणाच्याही नावे येऊ शकतो. मला वाटतं, कव्हरचं खरं काम हे असतं. मूळ गाणं ज्याचं आहे त्याच्याकडून ते हिसकावून घ्यायचं नाही. त्याच्या शब्दांत दुसरं कोण उभं राहू शकतं, हे दाखवायचं.

*

आता एक गोष्ट, जी कळली तेव्हा मी हेडफोन काढून थोडा वेळ नुसता बसून राहिलो. ट्रिकीच्या 'ब्लॅक स्टील'च्या ठेक्यात ए. आर. रहमानच्या 'रोजा'तल्या गाण्याचा तुकडा आहे: तमिळमध्ये 'रुक्कुमणी रुक्कुमणी', हिंदीत 'रुक्मणी रुक्मणी'. मणिरत्नमचा 'रोजा' १९९२चा. त्याच्या हिंदी गाण्यांच्या कॅसेट महाराष्ट्रात घरोघरी होत्या, आणि हे गाणं आमच्याकडे वरातीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत वाजायचं. आम्ही त्यावर नाचलो आहोत. तोच ताल कॅसेटमधून लंडनमधल्या एका घरात पोचला आणि अमेरिकी तुरुंगाच्या गोष्टीखाली जाऊन बसला.

या धाग्याला आणखी दोन गाठी आहेत. हिंदी 'रुक्मणी' श्वेता शेट्टीबरोबर गायला होता बाबा सेहगल, जो त्या वर्षांत हिंदीत रॅप घरोघरी नेत होता. आणि 'रोजा' हा सिनेमाच मुळात एका कैदेची गोष्ट आहे: ओलीस धरलेला नवरा आणि त्याच्या सुटकेसाठी झटणारी बायको. ट्रिकीला हे ठाऊक होतं असा माझा दावा नाही. त्याला बहुधा फक्त ताल आवडला असेल, आणि सॅम्पल घेणाऱ्याला तेवढं कारण पुरतं. पण ऐकणाऱ्याला ठाऊक असलेलंही गाण्यात मिसळतं. आता मी ते गाणं ऐकतो तेव्हा मार्टिनाच्या आवाजाखाली मला आमच्या गल्लीतली मिरवणूक ऐकू येते, आणि हे गाणं आपल्यापासून फार लांबचं आहे असं म्हणायला जीभ रेटत नाही.

पुढे हे गाणं आणखी एका देशात गेलं. ब्राझीलच्या सेपुल्तुरा या मेटल गटाने २००२ साली ते केलं आणि सोबतीला साबोताज या साओ पावलोच्या रॅपरला घेतलं. त्या शहरातल्या कारांदिरू तुरुंगात १९९२च्या ऑक्टोबरमध्ये पोलिसांनी १११ कैदी मारले होते. सेपुल्तुराने त्या हत्याकांडावर १९९३ सालीच एक गाणं केलं होतं आणि साबोताजने त्याच विषयावरच्या सिनेमात काम केलं. तिथे या शब्दांना वेगळी चाल लावायची गरज पडली नाही. तुरुंग तोच होता. २००३च्या जानेवारीत साबोताजची गोळ्या घालून हत्या झाली.

*

पुढच्या प्रकरणांत मी या तिन्ही ठिकाणी सावकाश जाणार आहे: लाँग आयलंडवरच्या ज्या विद्यापीठ रेडिओवर चक डी आणि हँक शॉक्ली घडले तिथे, ब्रिस्टलच्या वस्त्यांत, आणि साओ पावलोत. गाण्याचे शब्द मी पुस्तकात छापलेले नाहीत. ते कागदावर वाचायचे नाहीतच, ऐकायचे आहेत.

म्हणून वाचकाला एवढीच विनंती. पान उलटण्याआधी दोन्ही गाणी एकदा ऐका. आधी १९८८चं, सलग, शेवटपर्यंत. पियानोच्या येरझाऱ्यांकडे लक्ष द्या, फोनवरच्या माणसाकडे द्या, आणि त्रेपन्न जण सुटल्यावर छातीत जे हलकं वाटतं ते वाटू द्या. ते खरं आहे. त्यासाठीच ते गाणं लिहिलं गेलं. ॲटिकातल्या माणसांना जे मिळालं नाही ते गाण्याने दिलं. मग थोडं थांबून १९९५चं लावा. कोणी सुटणार नाही हे माहीत असूनही पहिल्या खेपेला आपण सुटकेची वाट बघतो. दुसऱ्या खेपेला ती मुलगी पुन्हा पहिल्या ओळीवर येते तेव्हा ध्यानात येतं की पत्र परत आलेलं आहे. ती ते परत उघडते, परत वाचते, आणि तिचं उत्तर बदललेलं नसतं.